गावच्या हायस्कुलातील मंडळे

महाराष्ट्रातल्या लहान गावचे हायस्कूल म्हणजे बहुधा आठवी ते दहावीचे वर्ग, कुठे पाचवीपासूनचे. पटावर शे-सव्वाशे मुले, सहा-सात शिक्षक, एक लिपिक आणि एखाद-दुसरा शिपाई. एवढ्याशा संसारात वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, शालेय मंत्रिमंडळ, स्काउट-गाइड, हरित सेना, संचयिका, क्रीडा, सहल आणि स्नेहसंमेलन अशी सगळी खाती कार्यालयातल्या फळ्यावर मांडलेली असतात आणि प्रत्येकापुढे एका शिक्षकाचे नाव असते. माणसे कमी आणि खाती जास्त, तेव्हा एकेकाकडे दोन-तीन येणारच. आज बी.एड.ची पदवी घेणाऱ्या स्नातकांपैकी ज्यांची पहिली नेमणूक अशा शाळेत होईल, त्यांचेही नाव जूनच्या पहिल्याच बैठकीत त्या फळ्यावर चढेल. नव्या आणि तरुण शिक्षकाच्या गळ्यात स्नेहसंमेलन पडते, हा अलिखित नियम आहे.

ग्रामीण शिक्षणाच्या इतिहासात अशी कामे शोभेची नव्हती. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि श्रमाची कामे वाटून करत. त्यातूनच पुढे ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत उभी राहिली. मुलांनी काम करायचे ते फी भागावी म्हणून, आणि ते करता करता जी माणुसकी अंगी बाणे ती कोणत्याही तासाला शिकवता आली नसती. खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी छात्रालय सांभाळत असताना मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. वर्गात शिकवून झाल्यावर रोज एक अंक हाताने लिहून काढायचा, हे काम किती जिकिरीचे आहे ते वर्षातून एकच हस्तलिखित काढणाऱ्या शिक्षकाला विचारावे.

लहान पट ही अडचण मानली जाते. मंडळांच्या बाबतीत मात्र तो बराचसा फायद्याचा ठरतो. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील लहान-मोठ्या हायस्कुलांचा अभ्यास १९६४ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. मोठ्या शाळेत उपक्रम अधिक असतात, पण लहान शाळेत प्रत्यक्ष जबाबदारीची जागा वाट्याला येणाऱ्या मुलांचे प्रमाण जास्त असते, असे त्यांना आढळले. कारण सरळ आहे. नाटक तर बसवायचे आहे आणि मुले तर मोजकीच, तेव्हा लाजऱ्या मुलालाही पात्र व्हावे लागते. आपल्याकडच्या शाळेला हे सांगायला कॅन्ससची गरज नाही. खो-खोचा संघ बारा जणांचा असतो. सतरा वर्षांखालील मुलींचा संघ पाठवायचा, तर शंभराच्या पटातून साधारण पन्नास मुलींतूनच बारा निवडायच्या असतात. त्यातल्याच चौघी समूहगीतात, तिघी विज्ञान प्रदर्शनात आणि एखादी मंत्रिमंडळात. शहरातल्या दोन हजारांच्या शाळेत ज्या मुलीला निवडचाचणीतच घरी पाठवले असते, ती इथे कर्णधार होते.

ही गोष्ट गोडगोड करून सांगण्यात अर्थ नाही. त्याच चार हुशार मुलांना सगळीकडे जुंपले जाते आणि बाकीचे टाळ्या वाजवायला उरतात, असेही लहान शाळेत घडते. फरक पडतो तो यादी करणाऱ्या शिक्षकामुळे. वक्तृत्वाला नेहमीचेच नाव लिहून टाकणे सोपे असते. पाठीमागच्या बाकावरच्या मुलाला आठ दिवस आधी उतारा देऊन उभे करणे कष्टाचे असते.

मंडळांचे वेळापत्रक मुख्याध्यापकांपेक्षा एसटीच्या हातात असते. वाड्या-वस्त्यांवरून येणारी मुले ठरलेल्या गाडीने परततात आणि ती चुकली की पुढची गाडी अंधार पडल्यावर. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण पासाने गाडीची वेळ बदलत नाही. शाळा सुटल्यावर सराव ठेवला की गावातली मुले राहतात आणि वस्तीवरची निघून जातात. मुली तर हमखास. म्हणून जाणती शाळा मंडळांचे काम शाळेच्या वेळेतच बसवते. परिपाठात बातम्या, सुविचार आणि दिनविशेष यांची पाळी वाङ्मय मंडळाकडे जाते, मधल्या सुट्टीत वाचनालयाची पेटी उघडते आणि शनिवारी सकाळची शाळा लवकर सुटते तेव्हा मैदान मोकळे होते. लेझीम आणि खो-खो यांचा खरा तास शनिवारचाच.

दुसरी अडचण माणसांची. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या निकषांत सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक द्यायचे आहेत ते शंभराहून अधिक पट असलेल्या शाळेला. त्याखालच्या शाळेत मराठीचे सर शिट्टी वाजवतात आणि विज्ञानाच्या बाई चित्रकलेचा तास घेतात. तरी कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुले बसतात, कारण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. गुणांसाठी ब्रश हाती धरणे काहींना कमीपणाचे वाटते. निमित्त कोणतेही असो, गावात रंगपेटी पोहोचते हे काही थोडे नाही.

खेळात ग्रामीण शाळा सर्वांत पुढे दिसते ती खो-खो आणि कबड्डीत. खो-खोला दोन खांब, फक्की आणि सपाट जमीन पुरते. बूट नसले तरी चालते. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत तालुक्यापासून जिल्हा, विभाग आणि राज्यापर्यंत चढत जातात. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ विजेते ठरले. त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे महाराष्ट्राचेच. प्रियांकाचे नाव सांगितले की मैदानावर यायला टाळाटाळ करणारी मुलगी येते, आणि तिच्या घरच्यांशी बोलायलाही त्याचा उपयोग होतो.

विज्ञान मंडळाची अवस्था कपाटाच्या किल्लीवरून कळते. ती मुलांच्या हाती असेल तर मंडळ चालू आहे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या मुलाला आपली कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी दहा हजार रुपये मिळतात. अटल टिंकरिंग लॅबला वीस लाखांपर्यंत अनुदान आहे, पण जागा, वीज आणि शिक्षक यांची सोय असलेल्या शाळाच तिथे टिकतात. लहान शाळेला दहा हजारांची वाट अधिक जवळची. प्रदर्शनात ज्वालामुखीच्या प्रतिकृती उदंड येतात आणि परीक्षकही त्यांना कंटाळलेले असतात. घरातल्या कांद्याच्या चाळीत हवा खेळती कशी ठेवावी, ठिबकची नळी कुठे तुंबते, कोंबड्यांच्या खुराड्यात उन्हाळ्यात तापमान किती चढते, हे प्रश्न मुलांकडे आधीच असतात. ते वहीत उतरवून मोजायला लावणे एवढेच शिक्षकाचे काम. हरित सेनेचेही तसेच. २००१-०२ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत जुलैमध्ये रोपे लावताना छायाचित्रे निघतात. मे महिन्यात त्या रोपांना पाणी कोणी घालायचे याची पाळी लावलेली असेल तरच झाड उभे राहते.

पैशाचे व्यवहार शिकवणारी दोन कामे मात्र शहरापेक्षा गावात चांगली जमतात. संचयिकेत मुले आठवड्याला पाच-दहा रुपये जमा करतात, पासबुकावर नोंद होते आणि हिशेब मुलेच ठेवतात. स्काउट-गाइडच्या ‘खरी कमाई’त भेळ, भाजी, राखी किंवा आकाशकंदील विकून पैसे मिळवायचे असतात. बाजाराच्या दिवशी वडिलांसोबत पाटीवर बसलेल्या मुलाला नफा-तोटा हा धडा नवा नसतो. नवा असतो तो खर्च वजा करून लिहिलेला ताळेबंद.

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक बहुतेक ठिकाणी मतपत्रिका, बोटाला शाई आणि मतदान केंद्राधिकारी असा सगळा थाट करून होते. थाट चांगलाच, पण निवडून आलेल्या पाणीमंत्र्याला टाकी धुण्याचा अधिकार आणि आरोग्यमंत्रिणीला मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल मुख्याध्यापकांकडे तक्रार करण्याचा हक्क मिळाला नाही, तर ते नाटकच राहते. गावातल्या भाऊबंदकीचे पडसादही या निवडणुकीत उमटतात. ते दाबून टाकण्यापेक्षा उमेदवारांनी दोन वाक्ये स्वतःच्या कामाबद्दल बोलावीत, अशी अट घालणे अधिक उपयोगाचे.

स्नेहसंमेलनावर शाळेची सर्वाधिक शक्ती खर्च होते आणि गाव शाळेला त्यावरूनच ओळखते. ध्वनिक्षेपक, मंडप आणि भाड्याचे पोशाख यांचा खर्च ग्रामपंचायत, तरुण मंडळ आणि माजी विद्यार्थी यांच्या वर्गणीतून निघतो. वर्गणीबरोबर सूचनाही येतात. कोणते गाणे असावे, कोणाचा सत्कार आधी व्हावा, भाषणे किती चालावीत यावर शिक्षकाला नम्रपणे पण ठाम राहावे लागते. सिनेगीतांच्या गर्दीत एक भारूड, एक मुलांनीच लिहिलेली नाटिका आणि एक हस्तलिखिताचे प्रकाशन असले, तरी वाङ्मय मंडळाचे वर्षभराचे काम दिसून येते.

या सगळ्याची नोंद करताना शिक्षकाचा बराच वेळ जातो. अहवाल, छायाचित्रे, ऑनलाइन माहिती, प्रत्येक दिनविशेषाचा पुरावा. कधीकधी पुरावा मिळाला की उपक्रम संपतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमातील आणि सहशालेय कामांमधली भिंत काढून टाकण्याचे म्हटले आहे, परंतु कागद अजून दोन्ही बाजूंचे वेगवेगळे भरावे लागतात.

मंडळ टिकते की नाही याची कसोटी डिसेंबरात लागते. दहावीची मुले तेव्हा सराव परीक्षांकडे वळतात, तीन वर्षे खो-खोचा संघ सांभाळलेली मुलगी मैदानावर येईनाशी होते आणि संचयिकेची वही कोणाकडे द्यायची हा प्रश्न निघतो. ज्या शाळेत नववीतला एक मुलगा किंवा मुलगी जूनपासूनच प्रत्येक खात्यात सहायक म्हणून नेमलेली असते, तिथे काम जानेवारीतही अडत नाही. शाखांचे जाळे असलेल्या मोठ्या संस्थांत शिक्षकांच्या बदल्या होतात आणि मंडळ एका उत्साही सरांवर उभे असेल तर ते सरांबरोबर निघून जाते. वही, किल्ली आणि शिट्टी नववीच्या मुलांकडे असलेल्या शाळेत नवे शिक्षक येतात तेव्हा मंडळाचे काम चालू असते, आणि पहिल्या आठवड्यात मुलेच त्यांना ते कसे चालते ते सांगतात.