अपील कागदावर चालते

(नाशिक जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या कोरडवाहू पट्ट्यातून आलेल्यांना बियाणे न उगवणे म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको. पिशवीची किंमत बुडते ती थोडी. वाफसा जातो, पेरणीची वेळ जाते आणि त्याबरोबर वर्ष जाते. मग आपण दुकानदाराशी भांडतो, तालुक्याला एक अर्ज देतो आणि घरी येऊन बसतो. कोर्टाची पायरी आपल्यासाठी नाही, अशी आपली समजूत. म्हणून आज सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल तुमच्यापुढे ठेवतो. एकात शेतकरी जिंकले, दुसऱ्यात हरले.

जिंकले ते 2012 साली. अपील राष्ट्रीय बीज निगमाचे होते. निगमाचे म्हणणे असे, की बियाण्याचा कायदा वेगळा आहे, तेव्हा ग्राहक मंचाला अधिकार नाही. शेतकरी धंद्यासाठी बियाणे घेतो, तेव्हा तो ग्राहक नाही. आणि बियाणे प्रयोगशाळेत तपासलेले नाही, तेव्हा दोष सिद्ध नाही. कोर्टाने तिन्ही मुद्दे फेटाळले. शेतकरी ग्राहक आहे. आणलेले बी तो पेरून टाकतो, तपासणीसाठी राखून ठेवील अशी अपेक्षा धरता येत नाही. त्याच लॉटचा नमुना कंपनीजवळ असतो, तो तिने तपासणीसाठी पुढे करावा. आपण चावडीवर बोलतो तेच सुप्रीम कोर्टाने लिहून दिले.

हरले ते 2005 साली, हरियाणाच्या बीज महामंडळाविरुद्ध. पीक बिघडले होते, पाहणीही झाली होती. पण बियाणे निकृष्ट होते असे अहवालात स्पष्ट लिहिलेले नव्हते. पीक इतर कारणांनीही बिघडते, म्हणून तेवढ्यावर बियाण्याला दोष देता येणार नाही, असे कोर्टाने ठरवले.

यातून काय घ्यायचे? अपिलाचे न्यायाधीश तुमच्या बांधावर येत नाहीत. खाली जे कागद झाले तेवढेच ते वाचतात. खटला वर जिंकला जातो तो पेरणीनंतरच्या पंधरा दिवसांत, तुमच्याच शेतात.

शेतीशास्त्र शिकलेली माणसे म्हणून आम्ही हेही सांगतो, की कंपनीचा वकील काय म्हणणार ते ठरलेले आहे. बी खोल पडले, ओल कमी होती, वर पापडी धरली. आणि कधी कधी ते खरेही असते. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 75 टक्के हवी. पण ही उगवण प्रयोगशाळेतली, कोरड्या ढेकळांतली नव्हे. म्हणून पेरणीची तारीख आणि पाऊस वहीत लिहा. शेजारच्याने त्याच दिवशी, त्याच ओलीवर दुसरे बी पेरले असेल आणि ते उगवले असेल, तर त्याची नोंद पंचनाम्यात आलीच पाहिजे. याच्याइतका बोलका पुरावा नाही.

बाकी कामे साधी आहेत. पावती पक्की घ्या, तीवर लॉट नंबर हवा. पिशवी आणि लेबल फेकू नका, मूठभर बी तिच्यातच राहू द्या. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. 1968 च्या बियाणे नियमांत 23-अ प्रमाणे निरीक्षकाला चौकशी करून अहवाल द्यावा लागतो. पाहणीला कंपनीलाही लेखी बोलवा, म्हणजे पुढे ‘आम्हाला कळवलेच नाही’ म्हणायला जागा उरत नाही. अहवालात दोषाचे कारण लिहिलेले नसेल तर सही करण्याआधी तसे बोला.

2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. कंपनीला राज्य आयोगात अपील करायचे तर 45 दिवसांत करावे लागते आणि निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

आम्हाला बियाण्याचे स्वातंत्र्य हवे, नवे तंत्र हवे. पण विकण्याचे स्वातंत्र्य घेणाऱ्याने भरपाईची जबाबदारीही घ्यावी. ही भीक नव्हे, दिलेल्या पैशाचा हिशेब आहे. प्रत्येक गावाने पावत्या आणि लेबले जपणारा एक माणूस या हंगामाआधी नेमावा, एवढा ठराव आज करून उठू या.