संघ गेला, काम राहिलं
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत आजचा विषय 'व्यावसायिक खेळ आणि सामाजिक बांधिलकी' असा छापला आहे. विषय फार मोठा आहे. मी मात्र एकाच शहराबद्दल बोलायचं ठरवून आले आहे. शहर बॉस्टन, खेळ बेसबॉल. खेळाचे नियम समजावत बसत नाही. समोर जी मंडळी आहेत ती विटीदांडूवरून भांडलेली आहेत, त्यांना बेसबॉल आपोआप कळेल. (हशा)

माझी सगळी नोकरी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात सोशल वर्कर म्हणून झाली. तिथे खेळाडू यायचे. टोप्या वाटायचे, फोटो व्हायचे, तासाभरात गाड्या निघून जायच्या. पुढच्या आठवड्यात मुलं विचारायची, "ते दादा परत कधी येणार?" त्या प्रश्नातून माझं एक मत पक्कं झालं, आणि आज तेच तुमच्यापुढे मांडणार आहे. संघानं सुरू केलेलं सेवेचं काम संघाच्या मालकीचं नसावं, ते गावाच्या मालकीचं व्हावं. संघ उद्या उठून गेला तरी ते चालू राहिलं पाहिजे.

अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल संघांपाशी आज आपापली फाउंडेशन्स आहेत. वस्त्यांमध्ये मैदानं बांधणं, हातमोजे आणि बॅटी देणं, शिष्यवृत्त्या, हे सगळं चालतं. १९८९ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉन यंग नावाच्या माजी खेळाडूनं गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी बेसबॉलचा उपक्रम सुरू केला. शहराच्या मध्यभागातून मुलं खेळात येईनाशी झाली आहेत, हे त्यानं नवे खेळाडू शोधत हिंडताना पाहिलं होतं. पुढे तो उपक्रम देशभर गेला. त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल. मला तुम्हाला १९४८ मध्ये न्यायचं आहे.

तेव्हा बॉस्टनमध्ये दोन संघ होते, ब्रेव्हज आणि रेड सॉक्स. शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. सिडनी फार्बर काम करत. मूळचे ते पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली आजार पाहणारे. तळघरातल्या प्रयोगशाळेतला हा माणूस रक्ताच्या कॅन्सरनं मरणाऱ्या मुलांच्या खाटांपर्यंत वर आला. त्या काळी ल्युकेमिया झालेलं मूल वाचत नसे. काही आठवडे, फार तर काही महिने. फार्बरनी १९४७ च्या अखेरीस अमिनोप्टेरिन नावाचं औषध द्यायला सुरुवात केली. १९४८ च्या जूनमध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. सोळा मुलांपैकी दहा जणांत आजार मागे हटला होता. थोड्या काळासाठीच, पण हटला होता.

इथे थांबायलाच हवं. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमावरमचे. घरची गरिबी, मद्रासला वैद्यकीचं शिक्षण, आणि मग हार्वर्ड. म्हणजे तेच बॉस्टन. तिथे त्यांनी वर्षानुवर्षं संशोधन केलं, पण त्यांना कायमची जागा मिळाली नाही. ते लेडर्ली कंपनीत गेले, आणि तिथून त्यांची औषधं बॉस्टनच्या त्या वॉर्डात पोहोचली. १९४८ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते गेले. इथे शाळेतली मुलं बसली आहेत म्हणून विचारते, सुब्बाराव हे नाव कोणी ऐकलंय? तीन हात. गुरुजी, उद्या वर्गात सांगा हे. एवढं झालं तरी माझं येणं कारणी लागलं. (टाळ्या)

आता २२ मे १९४८ ची संध्याकाळ. राल्फ एडवर्ड्स हा रेडिओवरचा लोकप्रिय निवेदक हॉलिवूडच्या स्टुडिओत बसला आहे. त्याच्या कार्यक्रमाचा मायक्रोफोन बॉस्टनमध्ये, फार्बरच्याच रुग्णालयात, एका बारा वर्षांच्या मुलाच्या खाटेशी नेऊन ठेवला आहे. मुलाचं नाव सांगायचं नाही, म्हणून त्याला म्हणायचं 'जिमी'. निवेदक विचारतो, ब्रेव्हजचा कॅचर कोण? मुलगा ओळखीच्या माणसाचं सांगावं तसं सांगतो, फिल मासी. त्याला भेटलास कधी? नाही. आणि दारातून खुद्द फिल मासी आत येतो! मग पुढचा खेळाडू, मग त्याच्या पुढचा. एकेक नाव मुलाच्या तोंडून निघतं आणि एकेक माणूस खोलीत उभा राहतो. प्रशिक्षक बिली साउथवर्थही आले. सही केलेले चेंडू, बॅट, अंगाच्या मापाचा गणवेश. शेवटी सगळ्यांनी मिळून बेसबॉलचं गाणं म्हटलं, जिमीचा आवाज सगळ्यांत वर.

मग निवेदक श्रोत्यांशी बोलला. आता मुलाला हे ऐकू जात नाही, त्याला कॅन्सर आहे हे त्याला माहीत नाही, म्हणून त्याचं पूर्ण नाव आणि फोटो आम्ही देत नाही, असं त्यानं सांगितलं. या आजारावर संशोधन व्हायला हवं. वीस हजार डॉलर जमले तर जिमीला टेलिव्हिजन मिळेल, खाटेवरून ब्रेव्हजचे सामने पाहता येतील. जमले २ लाख ३१ हजारांवर, आणि त्यातून 'जिमी फंड' उभा राहिला. काही पाकिटांवर पत्ता एवढाच होता, जिमी, बॉस्टन. टपाल खात्यानं ती पोहोचवली.

आमच्या वॉर्डात सतत येणारा प्रश्न त्या मंडळींनी कसा सोडवला, ते पाहा. मुलाचं दुःख दाखवल्याशिवाय पैसा येत नाही, आणि दाखवलं तर मुलाची लाज जाते. त्यांनी मुलाचा आनंद ऐकवला, नाव राखलं. आपल्याकडे आज मदतीच्या आवाहनात मुलाचा चेहरा, नाव, बापाचा फोन नंबर, सगळं फिरत असतं. हे थांबलं पाहिजे, अगदी थांबलं पाहिजे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, ठाऊक आहे मला. पुढचं भरभर सांगते, पण खरा मुद्दा आताच येणार आहे.

मार्च १९५३ मध्ये ब्रेव्हज बॉस्टन सोडून मिलवॉकीला गेले. बॉस्टनमध्ये प्रेक्षक उरले नव्हते, मालक लू पेरिनी यांना तोटा होत होता. संघ गेला की त्याचा निधीही जायचा, हा जगाचा रिवाज. पण पेरिनींनी रेड सॉक्सचे मालक टॉम यॉकी यांना या फंडाचं काम पुढे चालवायला सांगितलं. मैदानावरचे प्रतिस्पर्धी! रेड सॉक्सनी ते उचललं आणि नाव बदललं नाही. जिमी फंड तो जिमी फंडच राहिला. फेनवे पार्क या त्यांच्या मैदानावर पुढे बरीच वर्षं एकच जाहिरात फलक होता, याच फंडाचा. त्यांचा सर्वश्रेष्ठ फलंदाज टेड विल्यम्स त्याच वर्षी कोरियाच्या युद्धातून परतला. वार्ताहरांशी त्याचं कधी पटलं नाही. तो वॉर्डात मुलांना भेटायला जाई, आणि अट एकच, वर्तमानपत्रवाला बरोबर नको.

आता कटू भाग, कारण तो लपवला तर मी तुमच्याशी खोटं बोलेन. याच यॉकींच्या संघानं १९४५ मध्ये फेनवेवर जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची नावापुरती चाचणी घेतली आणि एकालाही घेतलं नाही. रॉबिन्सन पुढे ब्रुकलिनकडून खेळून इतिहास घडवून गेला. जेथ्रो १९५० मध्ये ब्रेव्हजकडून खेळला. रेड सॉक्सनी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पंप्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो १९५९ साली, सर्व मोठ्या संघांत शेवटी. मैदानाबाहेरच्या रस्त्याला यॉकींचं नाव होतं, ते २०१८ मध्ये काढलं गेलं. फंड मात्र चालूच आहे. तो यॉकींच्या नावाचा असता तर काय झालं असतं, याचा विचार करा. रुग्णालयाला, मैदानाला, शिष्यवृत्तीला मालकाचं नाव देणाऱ्यांनी तर जरूर करा.

चिठ्ठी आली आहे. 'बाई, आपल्याकडे टाटा रुग्णालय आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. अमेरिकेचे गोडवे कशाला?' (टाळ्या) टाळ्या वाजवा, जरूर वाजवा. त्या धर्मशाळेत मी स्वतः आईबापांना पाठवलं आहे. परळच्या फुटपाथवर झोपणाऱ्या कुटुंबांना तिनं छत दिलं, तिच्यापुढे मी हात जोडते. पण गोडवे गायला आले असते तर यॉकींची गोष्ट सांगितली नसती. माझा प्रश्न धर्मशाळेला नाहीच, तो खेळाच्या संघांना आहे. गहुंजेच्या मैदानावर तुमच्यातले किती जण गेलेत? बरेच दिसतात. पुणे वॉरियर्स आले आणि २०१३ नंतर संपले. रायझिंग पुणे दोन हंगाम खेळले, २०१७ चा अंतिम सामना एका धावेनं हरले. (हळहळ) ती एक धाव सगळ्यांना आठवते! संघ येणार, जाणार. करारच तसा असतो, त्यांना मी दोष देत नाही. पण असा संघ जाताना या जिल्ह्यातल्या मुलांसाठीचं एक तरी काम दुसऱ्याच्या हाती देऊन गेला, असं पुढच्या वेळी घडावं, एवढं मागायला काय हरकत आहे?

रेड सॉक्सनी २००२ मध्ये आपलं फाउंडेशन काढलं, दुसऱ्या वर्षी बॉस्टनच्या सरकारी शाळांतल्या हुशार, गरीब मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. मूल शाळेत असतानाच निवडायचं आणि कॉलेजपर्यंत साथ द्यायची. हे मला फार पटतं, कारण यात वर्षं मोजून दिली जातात. त्यांचा १९६७ च्या गाजलेल्या संघातला माइक अँड्र्यूज खेळत असताना वॉर्डात एका मुलाशी बोलला, त्याला धीर दिला. नंतर त्याला कळलं की उपाय संपले म्हणून मुलाला घरी पाठवत आहेत. निवृत्तीनंतर तो जिमी फंडात कामाला लागला आणि पंचवीसहून अधिक वर्षं राहिला. तासाभराचा पाहुणा नव्हे, रोजचा नोकर. मला असे खेळाडू हवे आहेत.

आणि जिमी? सगळे धरून चालले होते की तो केव्हाच गेला. १९९८ मध्ये, फंडाच्या पन्नासाव्या वर्षी, तो जगापुढे आला. आयनार गुस्ताफसन. मेन राज्यातल्या न्यू स्वीडन गावचा, ट्रकचालक, कुटुंबवत्सल माणूस. फंड त्याच्या नावानं चालला होता आणि तो मालाचे ट्रक चालवत होता. २००१ साली तो पासष्टाव्या वर्षी गेला. रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांपैकी आज तिथे नव्वद टक्क्यांच्या आसपास बरी होतात.

पाच मिनिटं उरली आहेत, म्हणून प्रश्नोत्तरं घेत नाही. या तालुक्यात तालमी आहेत, कबड्डी-खोखोची मंडळं आहेत, क्रिकेटचे क्लब आहेत. तुमच्या मंडळानं मुलांसाठी एकच काम निवडावं. एका वॉर्डाचं असेल, एका शाळेचं, एका वस्तीचं. त्याला कोणाचंही नाव देऊ नये. आणि मंडळ बंद पडलं तर ते काम कोणाकडे जाईल, हे मंडळाच्या घटनेत आजच लिहून ठेवावं. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. ज्या मंडळांना हे करायचं आहे त्यांनी जाताना आपलं नाव, आणि त्याच्या शेजारी ज्यांच्याकडे काम सोपवणार त्या दुसऱ्या मंडळाचं नाव, अशी दोन्ही लिहून जावीत.