गोळीऐवजी की गोळीसोबत? लोणावळ्याच्या नावाने आलेला एक फॉरवर्ड

आजचा भाग जरा घरचा आहे. आईला विचारून करतेय, तिची परवानगी आहे. फक्त तिने एक अट घातलीय, ती शेवटी सांगते.

तर गेल्या दिवाळीत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. वर उगवता सूर्य, खाली जोडलेले हात, आणि मध्ये मजकूर: एकवीस दिवस प्राणायाम करा, बीपीची गोळी कायमची बंद करा, लोणावळ्यात शंभर वर्षांपूर्वीच हे सिद्ध झालं आहे. असे फॉरवर्ड तुमच्याकडेही येत असतील. आपण अंगठा दाखवतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं.

आईने ते मनावर घेतलं.

आम्ही कामशेतचे. लोकलने गेलं तर मध्ये फक्त मळवली, की आलं लोणावळा. पर्यटकांना लोणावळा म्हणजे धुकं, भुशी डॅम आणि चिक्की. आम्हाला लोणावळा म्हणजे बाजार, बँकेचं काम, ओळखीची माणसं. त्यामुळे कुठल्या लांबच्या आश्रमाचं नाव असतं तर आईने कदाचित विश्वास ठेवला नसता. पण लोणावळा? ते तर आपलंच. तिथे सिद्ध झालंय म्हणजे झालंच असणार.

आई ५४ वर्षांची आहे. चार वर्षं रोज सकाळी बीपीची एक गोळी घेत होती, अॅम्लोडिपिन. ती तिने बंद केली. कोणालाच सांगितलं नाही. पहाटे उठून प्राणायाम मात्र न चुकता करायची. आणि गंमत म्हणजे तिला बरं वाटत होतं. झोप चांगली लागायची, चिडचिड कमी झाली होती. मी शनिवारी पुण्याहून घरी आले की म्हणायची, "हलकं वाटतंय गं."

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात तिचं डोकं दुखायला लागलं. दोन दिवस दुखत होतं. बाबांनी दवाखान्यात नेलं, तिथे बीपी भरलं १८४/११०. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चालू आहे ना?" तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. नशीब, तपासण्या ठीक आल्या, काही विपरीत घडलं नाही. पण त्या बाकावर बसून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. लोणावळ्यात शंभर वर्षांपूर्वी नेमकं काय सिद्ध झालं होतं?

मग मी वाचत बसले. आणि जे सापडलं ते त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी निघालं.

लोणावळ्यात कैवल्यधाम आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी ते सुरू केलं. त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. माणूस संस्कृतचा, आधी अमळनेरला शिक्षणसंस्थेत काम करणारा. बडोद्याला माणिकरावांच्या व्यायामशाळेत शरीर कमावलेलं. पुढे माधवदासजी महाराजांकडे योग शिकले. तिथे त्यांना दिसलं की योगाने शरीरात काहीतरी घडतं. आता असा अनुभव आल्यावर बहुतेक लोक काय करतात? प्रवचन करतात. ह्या माणसाने यंत्रं आणली.

लोणावळ्याला येण्याआधीच, १९२० च्या सुमारास, त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात एक्स-रे वापरून उड्डियान आणि नौली ह्या क्रियांमध्ये पोटात काय होतं ते पाहायला सुरुवात केली होती. हठयोगी पाण्यात बसून, कुठलाही पंप न वापरता गुदद्वारातून पाणी आत खेचतात, तिला बस्ती म्हणतात. हे होतं कसं? कुवलयानंदांनी आतड्यातला दाब मोजला. पोट आत खेचल्यावर तिथे बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब तयार होतो, म्हणून पाणी आत येतं. ह्यात सिद्धी वगैरे काही नाही, दाबातला फरक आहे. त्या कमी दाबाला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. गुरूंचा मान राखला, आणि आकडाही मांडला.

१९२४ मध्येच त्यांनी 'योगमीमांसा' नावाचं इंग्रजी त्रैमासिक काढलं. त्याच्या सुरुवातीच्या अंकांत आसन करताना रक्तदाब किती चढतो, ह्याच्याही मोजण्या आहेत. म्हणजे योग आणि बीपी हा विषय लोणावळ्यात खरंच जवळजवळ शंभर वर्षं जुना आहे. तेवढ्यापुरतं फॉरवर्ड बरोबर होतं!

पण आता ऐका. प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, असं आपण सगळेच म्हणतो ना? तेव्हाही म्हणायचे. कुवलयानंदांनी तेही मोजलं. आणि त्यांच्या प्रयोगात काय आलं, तर मिनिटाच्या हिशेबाने बघितलं तर साधा नेहमीचा श्वास घेतानाच ऑक्सिजन जास्त शोषला जातो. प्राणायामात श्वास लांबतो, रोखला जातो, मिनिटातले श्वास कमी होतात.

आज आपल्याला हे समजायला सोपं आहे. कोरोनात घरोघरी बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर आलं होतं, आठवतंय? धडधाकट माणसाचा आकडा ९७, ९८ असायचा. म्हणजे रक्त आधीच जवळजवळ भरलेलं आहे. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी किती ओतणार?

विचार करा, योगाच्या प्रसाराला आयुष्य वाहिलेला माणूस, आणि योगाबद्दलचीच एक लाडकी समजूत त्याच्याच प्रयोगशाळेत टिकत नाही. ते लपवून ठेवता आलं असतं. त्यांनी छापलं. प्राणायामाचा फायदा आहे, पण तो ऑक्सिजनमुळे नाही, दुसरीकडे शोधा, असं म्हणाले. मला हे वाचून खरंच अभिमान वाटला. आपल्या मावळातला वारसा हा आहे.

आणखी एक किस्सा सांगते, तो आईच्या गोष्टीला फार जवळचा आहे. हृदय थांबवू शकतो असं सांगणारे योगी होते. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतले वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ यंत्रं घेऊन भारतभर फिरले, लोणावळ्याच्या योगाभ्यासकांच्याही मोजण्या त्यांनी घेतल्या. दिल्लीचे डॉ. आनंद त्यांच्यासोबत होते. हृदय थांबवण्याचा दावा त्यांनी तपासला. योग्याने श्वास रोखून छाती-पोट आवळलं की मनगटाची नाडी खरंच लागेनाशी व्हायची, स्टेथोस्कोपमध्ये ठोके ऐकू यायचे नाहीत. बघणारा म्हणेल, थांबलं हृदय! पण ईसीजीच्या कागदावर ठोके चालूच होते. छातीतला दाब वाढल्याने हृदयाकडे परत येणारं रक्त कमी व्हायचं, म्हणून नाडी हरवायची. १९६१ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

म्हणजे हाताला जे लागतं ते एक आणि आत जे चालू असतं ते दुसरं. आईचंही तेच. तिला हलकं वाटत होतं हे शंभर टक्के खरं. पण बीपी तिच्या हलकं वाटण्याला विचारून चढत नव्हतं. वाढलेल्या बीपीला बहुतेक वेळा लक्षणंच नसतात. ते कळतं फक्त मोजल्यावर.

बरं, ही झाली जुनी गोष्ट. अलीकडचं संशोधन काय म्हणतं? हृदयविकार आणि योग ह्यावर भारतात एक मोठी ट्रायल झाली, तिचं नाव योगा-केअर. डॉ. दोराईराज प्रभाकरन आणि सहकाऱ्यांची, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली. देशातली २४ हॉस्पिटलं, नुकताच हार्ट अॅटॅक येऊन गेलेले ३९५९ रुग्ण. त्यांचे दोन गट केले. कोणी कुठल्या गटात जायचं हे रुग्णाने ठरवलं नाही, डॉक्टरांनीही नाही. जणू चिठ्ठ्या टाकून ठरलं. हे का? कारण निवडू दिलं तर उत्साही, तब्येतीने बरे असलेले लोकच योगाकडे जातील, आणि मग श्रेय योगाचं की त्या माणसांचं, हे कळणारच नाही.

एका गटाला तीन महिन्यांत योगाची १३ सत्रं. दुसऱ्याला आहार-व्यायाम-औषधांबद्दल मार्गदर्शन. आणि हे कान देऊन ऐका: हृदयाचे नेहमीचे उपचार दोन्ही गटांना होते. योग हा औषधांच्या जोडीला दिला होता.

निकाल? जवळपास दोन वर्षांच्या पाठपुराव्यात मृत्यू, पुन्हा हार्ट अॅटॅक, पक्षाघात किंवा तातडीने हॉस्पिटलात भरती, ह्यातलं काहीतरी योगाच्या गटात ६.७ टक्के लोकांना झालं, दुसऱ्या गटात ७.४ टक्के लोकांना. फरक दिसतो, पण तो इतका लहान आहे की नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो. म्हणून संशोधकांनी 'योगाने पुढचा अॅटॅक टळतो' असं म्हटलं नाही. पण योगाच्या गटातले लोक आपल्या नेहमीच्या कामाला जास्त चांगले परतले, स्वतःच्या तब्येतीबद्दल त्यांना थोडं बरं वाटत होतं. हार्ट अॅटॅकनंतर घाबरून घरात बसलेल्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही.

ह्यातच एक गंमत आहे. १३ पैकी किमान १० सत्रांना आलेल्यांचा वेगळा हिशेब केला, तर त्यांच्यात धोका जवळजवळ निम्मा दिसतो. आता फॉरवर्ड बनवणारा हेच उचलणार ना? "योगाने हार्ट अॅटॅक निम्मे!" पण दहा-दहा सत्रांना कोण येऊ शकतं? ज्याची तब्येत आधीच बरी आहे, जो गोळ्याही वेळेवर घेतो, ज्याला घरून कोणी आणून सोडतं. म्हणजे चिठ्ठ्या टाकून जी अडचण टाळली होती, ती मागच्या दाराने परत आली. पुढच्या वेळी 'संशोधनात सिद्ध' असं वाचलंत तर हे दोन प्रश्न विचारा. गट कोणी ठरवले? आणि हा उपाय गोळीसोबत होता की गोळीऐवजी?

त्या फॉरवर्डने नेमका एवढाच शब्द बदलला होता. 'सोबत'च्या जागी 'ऐवजी'. त्या एका शब्दाने माझी आई १८४ वर गेली.

आता शेवटचं, आणि आईची अट. मी हे सगळं वाचून एका शनिवारी तिला समजावत होते. कुवलयानंद, ऑक्सिजन, ट्रायल, सगळं. तिने शांतपणे भाजी निवडत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते सगळं ठीक आहे. पण गोळीने माझे पाय सुजायचे, ते कोणी विचारलं का?"

मी गप्पच झाले.

सहा महिन्यांपासून संध्याकाळी तिचे घोटे सुजत होते. चप्पल घट्ट व्हायची. डॉक्टरांसमोर दोन मिनिटं मिळतात, त्यात कसं सांगायचं, म्हणून बोलली नाही. आणि गोळीचा कंटाळा आलेला असतानाच तो फॉरवर्ड आला. म्हणजे तिने फॉरवर्डवर आंधळा विश्वास ठेवला नव्हता. तिला गोळीतून सुटायचंच होतं, फॉरवर्डने फक्त दार उघडून दिलं. पायाला सूज येणं हा अॅम्लोडिपिनचा माहितीतला दुष्परिणाम आहे. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी गोळी बदलून दिली. सूज गेली. बीपी हळूहळू आटोक्यात आलं.

प्राणायाम? तो चालूच आहे, रोज पहाटे. तिला आवडतो, झोप लागते, बास. फक्त श्वास रोखून धरणं आणि जोरजोरात करायचे प्रकार डॉक्टरांना विचारून सध्या बाजूला ठेवलेत. घरी बीपीचं मशीन आणलंय. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. दोनदा मोजायचं आणि वहीत लिहायचं. वही बाबा लिहितात, अक्षर त्यांचं बरं आहे म्हणून.

तर आईची अट अशी होती, की "नुसतं फॉरवर्डला नावं ठेवून थांबू नकोस. पोरांना सांग, घरी जाऊन विचारा." म्हणून सांगते. आज घरी आई-बाबा, आजी-आजोबा, जे कोणी रोज गोळी घेतात, त्यांना विचारा. "गोळी घेतली का?" हे नका विचारू, त्याला 'हो' असंच उत्तर येतं. विचारा, "गोळीने काही त्रास होतो का?" आणि मग ऐकून घ्या. काही त्रास असेल तर गोळी मनाने बंद न करता त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा. ते दोन मिनिटांत बोलायला बिचकतात, तुम्ही बोला.

काय उत्तर मिळालं ते मला कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.