कर्तबगारीचें मोल

संस्थेचीं तत्त्वें कागदावर कितीहि उदात्त असोत, कनिष्ठांस तीं दिसतात वरिष्ठांच्या वर्तनांतूनच. भाड्याच्या मोटारी मिळवून देणाऱ्या उबर या अमेरिकन कंपनीची हकीकत या दृष्टीनें उद्बोधक आहे.

२०१७ च्या फेब्रुवारींत तेथील माजी अभियंत्या सूझन फाउलर यांनीं जाहीरपणें लिहिलें कीं, वरिष्ठाच्या लज्जास्पद मागणीविरुद्ध तक्रार नेली असतां, 'माणूस कर्तबगार आहे' म्हणून त्याला केवळ ताकीद देण्याचें ठरलें. देशाचे माजी अॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्याकडे चौकशी सोंपविण्यांत आली. जूनमध्यें त्यांच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या: कंपनीचीं १४ मूल्यें नव्यानें मांडावींत, व्यवस्थापकांस सक्तीचें शिक्षण द्यावें, वरिष्ठांची पारख करतांना तक्रारींची दखल ते कशी घेतात, हेंहि पाहावें. त्या १४ मूल्यांत गुणवत्तेच्या जोडीला दुसऱ्याच्या पायावर पाय देण्याचीहि मुभा होती! प्रमुख ट्रॅव्हिस कॅलनिक यांना त्याच महिन्यांत पद सोडावें लागलें. नोव्हेंबरांत नवे प्रमुख दारा खोसरोशाही यांनीं, सेवकांच्या सूचना मागवून, आठ नवीं तत्त्वें जाहीर केलीं.

शब्द बदलणें सोपें असतें. परंतु कर्तबगार माणसाविरुद्ध पुढची तक्रार जेव्हां येते, तेव्हां व्यवस्थापक काय करतो, यांतच त्या शब्दांची परीक्षा होते.