हनुवटीवरचे केस आणि पार्लरचा पत्ता

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. तरी आज केसांवर बोलणार आहे, तेही डोक्यावरच्या नाही. मागच्या रांगेतली मुलं हसतायत. हसा, पण ऐका.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझ्या हनुवटीवर राठ केस यायला लागले. पाळी तीन-तीन महिने येत नव्हती. अम्मीने खालाला विचारलं, खालाने पार्लरचा पत्ता दिला. डॉक्टरचं नाव कुणी काढलं नाही. लग्नाच्या मुलीला 'बायकांच्या डॉक्टर'कडे जाताना मोहल्ल्यात कुणी पाहिलं तर? मग दर पंधरा दिवसांनी थ्रेडिंग. नऊ वर्षांनी ऑफिसच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली, तेव्हा कळलं, पीसीओएस आहे.

ज्यांना आपण पुरुषी हार्मोन म्हणतो ती प्रत्येक बाईच्या शरीरात थोडी असतातच. पीसीओएसमध्ये बहुधा ती वाढतात आणि लव असते तिथे राठ केस येतात. डॉक्टर ओठ, हनुवटी, छाती, पोट अशा नऊ जागा पाहून प्रत्येकीला ० ते ४ गुण देतात. आमच्या भाषेत हा एरर मेसेज. मी नऊ वर्षं मेसेज पुसत राहिले, बिघाड तसाच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पीसीओएस असलेल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना तो आहे हे माहीतच नसतं.

केस काढू नका असं मी म्हणत नाही. मी अजूनही काढते. बगलेतले केस काढायला तर आपल्यात स्त्री-पुरुष दोघांनाही सांगितलंय, चाळीस दिवसांची मुदत घालून. त्यात कुणाला लाज नाही. पण मुलीने भुवया कोरल्या की हराम, आणि ओठावर लव दिसली की रिश्त्याला नकार! तेराव्या शतकातल्या इमाम नववींना बाईला दाढी-मिशी येऊ शकते, ती तिने काढावी, हे लिहायला संकोच वाटला नाही. आपल्याला घरात बोलायला वाटतो.

२०२४ साली उत्तर प्रदेशात दहावीला ६०० पैकी ५९१ गुण मिळवून पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो आठवतो? लोकांनी तिच्या ओठावरचे केस मोजले. त्यात आपली मुलंही होती, मी कॉमेंट वाचल्यात.

गेल्या महिन्यात मामेबहिणीचा मेसेज आला, "आपा, लेझरला किती लागतात?" मी उलट विचारलं, पाळी वेळेवर येते का? दोन दिवस उत्तर नाही. मग आलं, "अम्मीला सांगणार नाहीस ना?"

शनिवारी आम्ही दोघी डॉक्टरकडे चाललोय.