कुंपणावरचा मुनगा

(कामठा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणाच्या व्यासपीठावर भाजीपाल्याचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु अंगात रक्त कमी असलेले मूल वर्गात बसले, तरी त्याचे चित्त फळ्यावर ठरत नाही. कोणत्याही शिक्षकास विचारून पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरांपैकी जवळजवळ ६९ मुलांना रक्तक्षय होता. १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांत तो शंभरात ५४ जणींना होता. म्हणजे आईच अशक्त आणि मूलही अशक्त!

आपला मुलूख धानाचा. सकाळी भात, संध्याकाळी भात. पोट भरते खरे; पण गिरणीतून पांढऱ्याशुभ्र होऊन आलेल्या तांदळात लोह फार थोडे आणि 'अ' जीवनसत्त्व मुळीच नाही. ज्या पाल्यात ते आहे, तो मात्र आपल्या कुंपणावर, बांध्यांच्या धुऱ्यांवर आणि तलावांच्या काठी फुकट उभा आहे. मुनगा, तरोटा, अंबाडी, पातूर, धोपा, हेटीची फुले ही नावे आपल्या दादी-नानींना तोंडपाठ होती. आज मुलांना विचारले तर दोन नावांवर गाडी अडते.

मुनग्याचेच पाहा. आपण शेंगा आमटीत घालतो आणि पाला बकरीपुढे टाकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने आणि ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात कॅल्शियम सुमारे १२० मिलिग्रॅम. अर्थात लहान मूल एका वेळी एवढा पाला खाणार नाही, मूठभरच खाईल. परंतु ती मूठ रोजची असावी. हे झाड मूळचे आपल्या देशातले. दूर आफ्रिकेतील नायजर देशात शेतकरी केवळ पाल्यासाठी त्याची लागवड करतात आणि तो बाजारात विकला जातो. घरच्या झाडाची किंमत आपण मात्र शेंगांपुरतीच ठेवली.

कारण उघड आहे. तरोट्याची भाजी म्हणजे गरिबाची भाजी, असा शिक्का बसला. पाहुणे आले की ती झाकायची आणि पोराच्या हाती बिस्किटचा पुडा द्यायचा, ही मला तरी प्रतिष्ठेची विचित्र कल्पना वाटते. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले, परसबागा वाढवल्या आणि २०२० साली देशाने त्यांना पद्मश्री दिली. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या.

आता शिजवण्याविषयी. पाल्यातील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्यासोबत लिंबू किंवा आवळा असला तर ते अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. 'अ' जीवनसत्त्वासाठी थोडे तेल हवेच. मुलांना नुसती भाजी आवडत नसेल तर पाला बारीक चिरून डाळीत शिजवावा. भाताला डाळीची जोड मिळाली की प्रथिनांचीही उणीव भरते. अंबाडी-गोश्त तर आपल्या घरांत आवडीने होतेच. गोश्त नसेल त्या दिवशी अंबाडी डाळीत जावी. धोप्याला चिंच घालून नीट शिजवावे, नाहीतर घसा खाजतो.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. जो पाला ओळखता येत नाही, तो खाऊ नये. तरोट्यासारखाच दिसणारा कासविंदा असतो. तरोट्याच्या पानाला बोथट टोकाच्या पानांच्या तीन जोड्या असतात. कासविंद्याची पाने टोकदार आणि जोड्या अधिक. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुले दरवर्षी एका गूढ आजाराने दगावत. कासविंद्याच्या बिया खाण्यात आल्याने हे घडते, असे डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. म्हणून भाजी खुडायला मुलांना एकटे पाठवू नका. जाणत्या बाईबरोबर पाठवा.

तसेच, मूल फार वाळले असेल, पायांवर सूज असेल किंवा ते खातच नसेल, तर मुनग्यावर विसंबून राहू नये. त्याला त्वरित सरकारी दवाखान्यात न्यावे. अशा मुलांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत. पाला हा रोजच्या ताटातला आधार आहे; गंभीर कुपोषणावरचे ते औषध नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. या पावसाळ्यात घरातल्या वडीलधाऱ्या बाईसोबत धुऱ्यावर जा. ती जी भाजी दाखवील तिचे नाव, ती कोणत्या महिन्यात मिळते, कोणता भाग खातात आणि कशी शिजवतात, हे वहीत लिहा. आणि पालकांनो, पावसाच्या सुरुवातीला मुनग्याची हातभर जाड फांदी कुंपणाला रोवून द्या. ती सहज जगते. फक्त पालवी फुटेपर्यंत बकरीपासून राखावी लागेल.