माझी घडवंची

(रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘माझा छंद’. माझ्याकडे मासे आहेत हे तुम्हाला सांगायला नको. इथल्या निम्म्या घरांत माझ्याच गप्पींची पोरंबाळं नांदून राहिली आहेत. म्हणून आज मी माशांवर बोलणार नाही. त्यांच्या टाक्या ज्या लाकडी स्टँडवर उभ्या आहेत, त्याच्यावर बोलतो. त्या निमित्तानं एक जुनी उधारीही फेडायची आहे, ती शेवटी सांगतो.

मुंबईत नोकरीला असताना मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय मी अनेकदा पाहिलं. 1951 साली सुरू झालेलं ते मत्स्यालय तुमच्यापैकीही पुष्कळांनी पाहिलं असेल. तिथं आपण काचेला नाक लावून मासे पाहतो. ती काच आणि ते पाणी कशावर टेकलंय, हे कोणी वाकून पाहत नाही. मीही पाहिलं नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

निवृत्तीनंतर एक टाकी आणली. गप्पी माशाची मादी महिन्या-महिन्यानं पिल्लं देते आणि पिल्लं वेगळी काढली नाहीत तर आईबापच ती खाऊन टाकतात. म्हणजे दुसरी टाकी आली. मग नर-मादी वेगळे ठेवायला तिसरी. असं करत दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा सहा टाक्या झाल्या. सौभाग्यवती म्हणाल्या, “आता माणसांनी गॅलरीत झोपायचं का?” तेव्हा एकावर एक टाक्या ठेवायचं स्टँड करायचं ठरवलं. बाजारात मिळणारं लोखंडी स्टँड गंजेल म्हणून लाकडाचं, आणि सुताराला कशाला पैसे द्यायचे म्हणून घरीच.

तीन कप्पे, प्रत्येकात दोन टाक्या. पाय दोन-दोन इंचांचे. फळ्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटर टेबलाच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या. पायांना आतून छोट्या पट्ट्या स्क्रूनं मारल्या आणि त्यांवर फळ्या टेकवल्या. रंग दिला. दिसायला झकास! आल्या-गेल्याला मी दाखवत होतो.

वर्षभरात खालच्या मजल्यावरच्या काकूंचं सोसायटीला पत्र गेलं. “वरच्या घरातून छताला ओल येते आणि इतक्या पाण्याच्या वजनाची आम्हाला भीती वाटते.” मला राग आला. बँकेत उभा जन्म काढलेला माणूस. दोन पानी उत्तर लिहिलं, क्रमांक घालून. त्यात ‘निराधार’ हा शब्द दोनदा वापरला होता. ते पत्र आजही सोसायटीच्या फायलीत आहे.

कमिटीनं आपल्याच एका सभासदाला पाहायला पाठवलं. ते स्थापत्य अभियंता. मी वही काढून वजनाचा हिशोब सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं, उठले, स्टँडच्या वरच्या कोपऱ्यावर तळहात ठेवला आणि बाजूला हलकेच ढकललं. सहाही टाक्यांतलं पाणी डचमळलं.

“काकाजी, वजनाचं मग पाहू. आधी हे पाहा, हलून राहिलं ना!”

माझा नातू रोज संध्याकाळी त्या स्टँडसमोर चटईवर बसून अभ्यास करायचा. मला एकदम घाम फुटला. त्याच संध्याकाळी आम्ही बादल्यांनी सगळ्या टाक्या उपसल्या.

स्टँड उघडल्यावर माझ्या चुका एकेक दिसल्या. त्या सांगतो, कारण पुस्तकांचं कपाट असो की माळा, घरोघरी आपण याच चुका करतो.

पहिली चूक, भार स्क्रूवर टांगलेला होता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. माझी एक टाकी पाणी, काच आणि वाळू धरून 65 किलोच्या आसपास. एका कप्प्यात दोन, म्हणजे 130 किलो, आणि ते चार-सहा स्क्रूंच्या भरवशावर! काही स्क्रू वाकले होते. स्क्रूनं लाकूड धरून ठेवायचं असतं, वजन पेलायचं नसतं. भार लाकडावरून लाकडावर आणि तिथून सरळ जमिनीवर उतरला पाहिजे.

दुसरी चूक, आडवी मजबुती नव्हतीच. चार पाय आणि फळ्या एवढ्यानं चौकट होते, पण चौकट कलते. तिला तिरपी पट्टी किंवा अखंड पाठ लागते.

तिसरी चूक, भुशाची फळी. ओलीनं ती पापडासारखी फुगली होती.

चौथी चूक काकूंच्या छताची. हवेचा पंप मी सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला होता. वीज गेली की पंप बंद पडतो, आणि पंप पाण्याच्या पातळीखाली असला तर त्याच नळीतून पाणी उलटं खाली यायला लागतं. रात्री वीज जायची, सकाळी फरशीवर पाणी. मी समजत होतो, टाकी पाझरते! पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा किंवा नळीत उलटं पाणी रोखणारा छोटा व्हॉल्व्ह बसवायचा, एवढंच करायचं होतं. तो व्हॉल्व्ह काही रुपयांत मिळतो.

आणि वजन? अभियंता साहेबांनी समजावलं की घराच्या खोलीचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखतात. माझं स्टँड जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर साडेचारशे किलो घेऊन खोलीच्या मधल्या भागाकडे उभं होतं. स्लॅब लगेच कोसळला नसता, पण काकूंची भीती निराधार नव्हती. ठरलं असं: वरचा कप्पा काढायचा, सहाच्या चार टाक्या करायच्या आणि स्टँड खाली बीम असलेल्या भिंतीला लागून ठेवायचं. दोन टाक्या सोडताना जीवावर आलं, खोटं कशाला सांगू?

मग लकडगंज गाठलं. आपल्या नागपुरात लाकडासाठी दुसरीकडे जायची गरज नाही, नावातच लाकूड आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेलं, हे आपण सगळ्यांनी अभिमानानं वाचलं. मला मात्र नवं सागवान परवडणारं नव्हतं. पाडलेल्या वाड्याची एक जुनी चौकट मिळाली. जुनं सागवान चांगलं वाळलेलं असतं, पीळ घेत नाही, आणि अंगच्या तेलामुळे ओल व वाळवी दोन्हींना दाद देत नाही. फक्त कडेचा पांढरट भाग घ्यायचा नाही, तो किडतो. आरामशीनवाल्यानं आधी मलाच खिळे उपटायला बसवलं. “एक बी राहिला त माह्या पात्याचं कल्याण होईन, काकाजी.” सतरा खिळे निघाले.

या वेळी सुतारकाकांना सोबत घेतलं. रंदा त्यांचा, घाम माझा. पायांना खाच पाडून त्यात आडव्या पट्ट्या बसवल्या, म्हणजे पट्टी पायाच्या लाकडावरच टेकते. तीन इंच रुंद, दीड इंच जाड पट्टी आडवी न घालता उभी घातली, कारण उभी ठेवली की तीच पट्टी चौपट कमी वाकते. त्यावर 19 मिलिमीटरचा मरीन प्लाय, आयएस 710 छापाचा. पाठीला प्लायची अखंड पाठ, भिंतीपासून दोन इंच हवा खेळायला जागा, आणि वर भिंतीला दोन लोखंडी एल-पट्ट्या. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत दहा-बारा दिवस टाक्या ठेवल्या नाहीत. टाकीखाली थर्माकोलचा पत्रा घातला, म्हणजे काचेला कुठं खडा टोचत नाही.

शेवटी पाणसळ लावली. तरी सुतारकाका म्हणाले, टाकीत आधी दोन बोटं पाणी भरून चारही कोपऱ्यांत मोजा. एका कोपऱ्यात दोन दोऱ्यांचा फरक निघाला. पायाखाली सागाची चकती सारली आणि मगच टाक्या भरल्या. अभियंता साहेबांनी पुन्हा तळहात ठेवून ढकललं. पाणी हललं नाही.

आता आपल्या मे महिन्याचं सांगतो. पारा 45 च्या वर गेला की वरच्या कप्प्यातलं पाणी खालच्यापेक्षा जास्त तापतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून गोल्डफिश खाली, गप्पी वर, आणि दुपारी पाण्यावर छोटा पंखा. जसा आपला कूलर, तसा त्यांचाही. एक विनंती आहे, मासे जास्त झाले तर मला आणून द्या, पण फुटाळ्यात किंवा अंबाझरीत सोडू नका. तिथल्या माशांचं घर ते बळकावतात.

आमच्या गावच्या घरी आजीची लाकडी घडवंची होती. तिच्यावर पाण्याचे गुंड असायचे. पाय खाली जरा फाकलेले, पट्ट्या खाचेत बसवलेल्या, खिळा एकही नाही. दोन पिढ्या पाणी भरलं, कधी हलली नाही. तिच्याखाली मी लपायचो, पण ती उभी कशी राहते हे सत्तरी गाठेपर्यंत पाहिलं नाही. म्हणून माझ्या स्टँडला मी घडवंचीच म्हणतो.

आता उधारी. काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. काकू, तुमचं पत्र आलं नसतं तर मी ते स्टँड कधी हलवून पाहिलं नसतं. आणि समोर बसणारं पोर माझंच होतं. ‘निराधार’ हा शब्द मी आज सगळ्यांसमोर मागे घेतो, दोन्ही वेळचा. सचिवसाहेब, याची फायलीत नोंद करावी.

काढलेल्या दोन टाक्यांपैकी एक काकूंच्या नातीकडे आहे. उरलेल्या सागवानात तिच्यासाठी छोटी घडवंची केली. परवा ती मला सांगत होती, “आजोबा, मी रोज ढकलून पाहते.”

मापांची वही माझ्याकडे आहे. ज्यांना करायची असेल त्यांनी यावं. ड्रिल मशीनही देईन, फक्त दुपारी दोन ते चार चालवू नका.